मंगळवारांचा ताळा

माझ्या टेबलाच्या खणात एक पिवळे पडलेले कात्रण आहे. कॉलेजात असताना एका दैनिकाच्या रविवारच्या पानातून मी ते कापून ठेवले होते. अब्राहम लिंकन आणि जॉन केनेडी या अमेरिकेच्या दोन अध्यक्षांच्या खुनांमधल्या अजब योगायोगांची ती यादी. आपल्यापैकी अनेकांनी ती कधी ना कधी वाचली असेल. लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आले १८६० साली, केनेडी १९६० साली. दोघांनाही शुक्रवारी गोळी लागली, डोक्यातच लागली आणि दोघांच्याही शेजारी पत्नी बसलेली होती. दोघांच्या जागी आलेल्या उपाध्यक्षांचे आडनाव जॉन्सन. एकाचा जन्म १८०८ चा, दुसऱ्याचा १९०८ चा. एका मारेकऱ्याने नाट्यगृहात गोळी झाडून कोठार गाठले, दुसऱ्याने कोठारातून गोळी झाडून सिनेमा थिएटर गाठले!

वाचताना तेव्हा अंगावर काटा आला होता. पुढे बँकेत लागलो, गावोगाव बदल्या झाल्या, बिऱ्हाडे हलली, पुस्तके हरवली. कात्रण मात्र टिकले. माणसाला काय जपावेसे वाटते, याचा काही नेम नसतो.

निवृत्तीनंतर मी कड्याला येऊन राहिलो. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले, नगरहून आष्टीकडे जाताना लागणारे हे बाजारपेठेचे गाव. सकाळी लिहायचे, संध्याकाळी फाट्यापर्यंत चालून यायचे, असा दिनक्रम. कादंबऱ्या लिहिणारा माणूस गावात आहे म्हटल्यावर शाळांची बोलावणी येतातच. काही वर्षांपूर्वी एका शाळेने २१ डिसेंबरला बोलावले. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाचा तो दिवस. मुलांना काहीतरी रंजक सांगावे म्हणून मी कात्रण बाहेर काढले आणि मनात आले, अशी यादी आपल्या इतिहासातही निघेल की! पुण्याचा रँड आणि नाशिकचा जॅक्सन. दोन रात्री बसून मी ती तयार केली.

आधी दोन्ही घटना थोडक्यात सांगतो. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेग निवारणाचे काम रँड या अधिकाऱ्याकडे होते आणि गोऱ्या सोल्जरांकरवी घरोघर घेतलेल्या झडत्यांमुळे लोक संतापलेले होते. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीच्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये झाला. तिथून रात्री परतताना दामोदर आणि बाळकृष्ण या चाफेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

दुसरी घटना नाशिकची. कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बढतीवर बदली झाली होती. त्यांना निरोप म्हणून विजयानंद थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग ठेवला होता. २१ डिसेंबर १९०९ च्या त्या रात्री अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने नाट्यगृहातच जॅक्सनवर पिस्तूल चालवले. तो तिथेच पकडला गेला. अनंत, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

आता माझी यादी. दोघेही आयसीएस अधिकारी. दोघांवरही समारंभाच्या रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. एक राणीचा समारंभ, दुसरा खुद्द साहेबाचा. दोन्ही दिवस मंगळवार! रँडचा दिवस वर्षातला सर्वांत मोठा, जॅक्सनचा सर्वांत लहान. पहिल्या कटामागे तीन भाऊ, चाफेकर. दुसऱ्या घटनेच्या पार्श्वभूमीलाही तीन भाऊ, सावरकर. दामोदर चाफेकरांना फाशी १८९८ च्या एप्रिलमध्ये, अनंतला १९१० च्या एप्रिलमध्ये, आणि अनंतच्या फाशीचा दिवसही पुन्हा मंगळवारच! वर लिंकनशी धागा जोडायला नाटक होतेच. लिंकनही नाटक पाहतानाच मारले गेले.

भाषण रंगले. मुले डोळे विस्फारून ऐकत होती. मास्तर मंडळींनीही माना डोलावल्या. टाळ्या थांबल्यावर मी सवयीने विचारले, ‘‘कुणाला काही विचारायचंय?’’ नववीतली एक मुलगी उभी राहिली.

‘‘सर, हे सगळं एवढं जुळत असंल, तर मग ते आधीच ठरलेलं होतं का?’’

मी म्हणालो, ‘‘तसं वाटतं खरं.’’

‘‘मग अनंत कान्हेऱ्यांनी काय केलं?’’

वर्गात हसू उमटले. बाईंनी तिला खाली बसवले. मी नियती, काळ, इतिहासाची चाके असे काहीबाही बोललो आणि नारळ-शाल घेऊन घरी आलो. पण तो प्रश्न माझ्या मागोमाग घरापर्यंत आला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला तीस वर्षांपूर्वीचा एक म्हातारा आठवला.

मी तेव्हा एका लहान गावच्या शाखेत होतो. कॉम्प्युटर अजून आलेले नव्हते. जाडजूड लेजर, हाताने पोस्टिंग आणि संध्याकाळी जमा-नावेचा ताळा. ताळा जुळला की घरी जायचे, नाही जुळला तर रात्रीचे नऊ वाजले तरी पैशाचा फरक शोधत बसायचे. एकदा एक म्हातारा शेतकरी पैसे काढायला आला. पंधरा दिवसांपूर्वी बैलजोडी विकून साडेचार हजार रुपये भरले होते, असे त्याचे म्हणणे. गर्दीमुळे त्या दिवशी पासबुक भरून मिळाले नव्हते आणि पावतीचा तुकडा घरात कुठे तरी गहाळ झाला होता. त्याच्या खात्यावर ती रक्कम नव्हती.

मी त्या दिवसाचे डे-बुक काढले. ताळा पै-पैशाने जुळलेला होता. रांगेतल्या लोकांसमोर मी त्याला सांगितले, ‘‘बाबा, पुस्तक जुळलेलं आहे. चूक आमची नाही, तुमचीच काहीतरी गल्लत होतेय.’’ म्हातारा काही बोलला नाही. पासबुक टोपीत ठेवून निघून गेला.

आठ-दहा दिवसांनी तिमाहीच्या कामात एक व्हाउचर हाती लागले. साडेचार हजारांचे. शाखेत एकाच नावाचे, बापाचे नाव आणि आडनावही तेच असलेले दोन खातेदार होते, गावे फक्त वेगळी. म्हाताऱ्याची रक्कम दुसऱ्याच्या नावावर चढली होती. रक्कम कुणाच्या तरी खात्यावर जमा झालेली होती, म्हणून एकूण बेरीज बरोबर येत होती. ताळा खरा होता आणि हिशेब खोटा होता. त्या दिवशी व्हाउचर काढून पाहिले असते, तर पाच मिनिटांचे काम होते. पण जुळलेली बेरीज समोर असताना व्हाउचर कोण काढतो?

मी मोटारसायकल काढून त्याच्या वस्तीवर गेलो, पासबुकात नोंद करून दाखवली, हात जोडले. त्याने चहा पाजला. निघताना म्हणाला, ‘‘पैशाचं काय न्हाई साहेब. पण चार मानसांत मला खोटं पाडलं तुमी.’’

त्या मुलीने, नकळत, मला तेच सांगितले होते. मी बेरीज जुळवून दाखवली होती. व्हाउचर पाहिलेच नव्हते. आणि चार माणसांत खोटे पाडले होते ते अनंतला, जॅक्सनला आणि त्या काळातल्या सगळ्यांनाच.

सकाळी उठून मी कॅलेंडर, कागद आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. जुन्या बँकवाल्याला तारखा मोजण्याची सवय असते. व्याज दिवसांवर असते ना!

पहिली नोंद मंगळवारची. २२ जूनपासून २१ डिसेंबरपर्यंत बरोबर १८२ दिवस होतात, म्हणजे नेमके २६ आठवडे. कुठल्याही वर्षी या दोन तारखांना एकच वार येतो; आपल्या घरच्या कॅलेंडरात पाहा. राहिला दोन सालांचा प्रश्न. १८९७ ते १९०९ ही बारा वर्षे. बारा वर्षांत एरवी तीन लीप वर्षे येतात, पण १९०० साल शतकाचे असल्याने लीप नव्हते, म्हणून १९०४ आणि १९०८ ही दोनच आली. दर वर्षाला एक याप्रमाणे वार बारा घरे पुढे सरकला, वर लीपचे दोन, एकूण चौदा. चौदा म्हणजे पूर्ण दोन आठवडे. तेव्हा १८९७ आणि १९०९ या दोन सालांचे कॅलेंडर अगदी एकच होते. तारखा एकदा ठरल्या की मंगळवार येणारच. त्यात गूढ काही नाही, पाढा आहे.

दुसरी नोंद मोठ्या-लहान दिवसाची. उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस बहुधा २१ जूनचा आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान २१ किंवा २२ डिसेंबरचा. मी एकेक दिवस इकडे-तिकडे सरकवून काम भागवले होते. तिसरी नोंद एप्रिलची. दामोदर चाफेकरांची फाशी १८ एप्रिल १८९८ ला झाली. तो सोमवार होता. अनंतच्या फाशीचा मंगळवार मी टाळी घेऊन सांगितला आणि हा सोमवार गिळून टाकला. बँकेत असे कुणी केले असते, तर मी त्याला मेमो दिला असता.

मग कात्रणाकडे वळलो. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी होते, त्यामुळे १८६० ला निवडणूक असेल तर १९६० ला असणारच. दोघे काँग्रेसवर निवडून आल्याची १८४६ आणि १९४६ ही सालेही तशीच; ती निवडणूक तर दर दोन वर्षांनी येते. लिंकनच्या चिटणिसाचे नाव केनेडी होते, असे कात्रणात छापले आहे. केनेडींच्या चिटणीसबाईंचे आडनाव लिंकन होते हे खरे, पण लिंकनचे चिटणीस होते निकोले आणि हे. मारेकरी बूथ १८३९ चा आणि ऑस्वाल्ड १९३९ चा असेही म्हटले आहे. बूथ १८३८ चा होता. आणि ते कोठार? बूथ सापडला तो तंबाखूच्या गोदामवजा गोठ्यात, ऑस्वाल्डने गोळी झाडली ती शालेय पुस्तकांच्या गोदामातून. दोहोंना ‘कोठार’ म्हटले की जुळते!

आपल्याकडे याहून मोठा योगायोग घराघरात आहे. आमच्या भागातल्या कुठल्याही बँकेत जुन्या खातेदारांच्या जन्मतारखा पाहा. निम्मे गाव एक जूनला जन्मलेले! परका माणूस म्हणेल, काय हा ग्रहयोग. आपल्याला माहीत असते की पोराला शाळेत घालताना बापाला तारीख सांगता आली नाही, आणि हेडमास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने एक जून लिहून टाकली. योगायोगामागे पुष्कळदा असा एखादा लिहिणारा हात असतो. तो हात दिसेनासा झाला की आपण त्याला नियती म्हणतो.

रँड आणि जॅक्सन यांच्यामधले हात मग मी शोधू लागलो. तीन भावांचा योगायोग घ्या. चाफेकर फाशी गेले, तेव्हा नाशिकजवळच्या भगूरमध्ये विनायक सावरकर हा पंधरा वर्षांचा मुलगा होता. त्या फाशीने आपण पेटून उठलो आणि देवीपुढे शपथ घेतली, असे त्यानेच पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. त्याच घरातला थोरला भाऊ बाबाराव. देशभक्तीपर कविता प्रसिद्ध केल्याबद्दल त्याला जून १९०९ मध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याला खटल्यासाठी वर पाठवणारे कलेक्टर जॅक्सन. तिकडे लंडनहून धाकट्या विनायकरावांनी ब्राउनिंग पिस्तुले धाडली होती, ती इंडिया हाऊसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या सामानातून मुंबईत उतरली. आणि ज्याने ते पिस्तूल चालवले तो अनंत मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला असला, तरी शिकायला होता औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला. आमचा आष्टी तालुका आणि औरंगाबाद, दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणजे पोरगा आपल्याच बाजूचा!

आता यात योगायोग कुठला आणि माणसाचा निर्णय कुठला? एका खटल्यातून दुसरी सूडाची भावना, एका फाशीतून दुसरी शपथ. पहिल्या घराने दुसऱ्या घराला दिवा लावून दिला, असे फार तर म्हणता येईल.

नाटकाचेही तसेच. बूथ स्वतः नट होता. फोर्ड थिएटरचे कोपरे न् कोपरे त्याला ठाऊक होते. विनोदी नाटकातल्या कुठल्या वाक्याला प्रेक्षक खदखदून हसतात तेही ठाऊक होते, आणि त्या हशातच त्याने गोळी झाडली. नाशिकला जॅक्सन साहेबांची बदली झालेली, म्हणजे कट करणाऱ्यांच्या हातातले दिवस संपत आलेले. साहेब निरोपाच्या प्रयोगाला येणार हे सगळ्या गावाला माहीत. कोण, कुठे, किती वाजता बसणार हे जिथे आधीच कळते, ती जागा मारेकरी निवडतात. त्यात नवल ते काय?

सगळे व्हाउचर सापडले असे मात्र मी म्हणणार नाही. बँकेत एक सस्पेन्स खाते असते. ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती तिथे ठेवायची, उगाच कुणाच्या नावावर चढवायची नाही. लिंकन यांचा मुलगा रॉबर्ट याची गोष्ट मी त्या खात्यात ठेवली आहे. वडील गेले तेव्हा तो उशाशी होता. १८८१ साली अध्यक्ष गारफिल्ड यांना स्टेशनवर गोळी लागली, तेव्हा त्यांचा मंत्री म्हणून तो तिथेच होता. १९०१ साली अध्यक्ष मॅकिन्ले यांच्यावर बफेलो शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर थोड्याच वेळात हा गृहस्थ त्या शहरात पोहोचला. या सगळ्याच्या आधी एकदा रेल्वेच्या फलाटावर तो गाडीखाली जाता जाता एका माणसाने त्याला कॉलर धरून वर ओढले होते. तो माणूस होता एडविन बूथ, मारेकऱ्याचा सख्खा भाऊ. हे सारे खरे आहे, आणि याला कारण कुठलेच नाही. जग मोठे आहे, माणसे पुष्कळ आहेत. कधी कधी असे होते. सस्पेन्स खात्यावर व्याज मात्र लावायचे नसते.

यादी अशी एकेक ओळ खोडत गेलो आणि शेवटी कागदावर जे उरले ते मी भाषणात सांगितलेच नव्हते, कारण ते कशाशी जुळत नव्हते. प्लेगच्या झडत्यांमुळे रँडचा लोकांना तिटकारा होता. जॅक्सन संस्कृत जाणणारा, गुजरातचा प्राचीन इतिहास लिहिणारा विद्वान होता. लोक त्याला ‘पंडित’ म्हणत. गुजरात आणि कोकणातल्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून त्याने लोकसमजुती गोळा करवल्या होत्या. दृष्ट कशी काढतात, कुठल्या झाडाची पूजा करतात, भूत कसे उतरवतात. मास्तरांनी उत्तरे लिहून पाठवली. पण ती पुस्तकरूपाने निघाली जॅक्सन गेल्यानंतर काही वर्षांनी, एन्थोवेन या अधिकाऱ्याच्या हातून. हाच पंडित बाबारावांना काळ्या पाण्याच्या वाटेवर लावणारा कलेक्टरही होता. दोन्ही खरे. माझ्या यादीत तो नुसता ‘आयसीएस अधिकारी’ होता.

आणि अनंत? त्याच्याविषयी वाचताना एका ओळीशी मी थांबलो. या पोराने मित्रप्रेमावर एक कादंबरी लिहिली होती. वय जेमतेम अठरा. मी माझी पहिली कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा पस्तिशीला आलो होतो. सतराव्या-अठराव्या वर्षी मैत्रीवर लिहिणारा मुलगा, आणि गावोगावच्या मास्तरांकडून गोष्टी लिहवून घेणारा साहेब. एक मारणारा, एक मरणारा, आणि दोघांच्याही हातात लेखणी. हा योगायोग मला सगळ्यांत जिवाला लागला. पण तो मी यादीत घालणार नाही. घातला की तो टाळीचा होईल.

पुढच्या आठवड्यात मी हेडमास्तरांना विचारून पुन्हा त्या शाळेत गेलो. नववीचाच वर्ग मागून घेतला. फळ्यावर २२ जून आणि २१ डिसेंबर लिहिले आणि मुलांकडून दिवस मोजून घेतले. १८२ ला सातने भागल्यावर बाकी शून्य आली, तेव्हा आधीच्या टाळ्यांपेक्षा मोठा गलका झाला. मग मी त्या मुलीला उभे केले.

‘‘तू विचारलं होतंस, अनंत कान्हेऱ्यांनी काय केलं. त्या दिवशी मला उत्तर आलं नाही. त्यांनी ठरवलं. फाशी होणार हे माहीत असताना ठरवलं. साहेबांनीही त्याआधी एक गोष्ट ठरवली होती, बाबारावांचा खटला वर पाठवायची. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, याचा तू मोठी झालीस की वाचून विचार कर. पण ग्रहांनी केलं, तारखांनी केलं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. मी सांगितलं तरी ऐकू नकोस.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘सर, माझा पण वाढदिवस एक जूनलाच असतो. आई म्हणती, खरा पोळ्याला असतो.’’

सगळा वर्ग हसला. या वेळी मीही हसलो.

कात्रण मी फाडलेले नाही. ते खणातच आहे. फक्त त्याच्या कडेला आता लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. बँकेत प्रत्येक नोंद व्हाउचरशी पडताळून झाली की करायचो तशा. काही ओळींपुढे बरोबरची खूण, काहींपुढे फुली. नातवंडांपैकी कुणाच्या हाती ते पडले, तर यादी वाचून त्यांच्याही अंगावर काटा यावा. माझ्याही आला होता. पण मग त्यांनी खुणा पाहाव्यात, आणि खण उघडून व्हाउचर मागावे.